चौदावा खांब

“शून्य धरलंस का?”

बाबांचा हा आवाज चाळीस वर्षं झाली तरी माझ्या कानात तसाच आहे. उन्हात तापलेला, जरा खरखरीत, मोकळ्या माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाणारा. बाबा जमिनीची मोजणी करायचे. रविवारी त्यांचा मदतनीस हटकून दांडी मारायचा, मग आम्हा दोघा भावंडांना ते सोबत न्यायचे. मी टेपची पेटी घेऊन पुढे पळायचो आणि ताई मागे गुडघे टेकून, टेपच्या शून्याच्या टोकाची पितळी कडी खुंटीवर अंगठ्याने दाबून बसायची. मधे वही घेऊन बाबा. टेप ताणण्याआधी दर वेळी विचारायचे, “शून्य धरलंस का?” ताई म्हणायची, “धरलं.” ते ‘धरलं’ कानावर आल्याशिवाय बाबांची पेन्सिल हलायची नाही.

एकदा तिच्या मनगटाला गांधीलमाशी चावली. कडी तिने सोडली नाही. आकडा लिहून झाला, टेप गुंडाळून झाली, तेव्हा कुठे तिने हात पुढे केला. मनगट टम्म फुगलं होतं.

“सांगायचं नाही का?” बाबा म्हणाले.

“मग शून्य कोणी धरलं असतं?” ताई म्हणाली. अकरा वर्षांची होती तेव्हा.

मला मात्र बाबांनी दुसरी शिस्त लावली होती. कुठलीही जागा वहीत लिहिताना दोन खुणा लिहायच्या. झाड लिहिलं तर भिंतीचा कोपराही लिही. उद्या झाड कोणी तोडलं तर कोपरा सांगेल. एकच खूण लिहिली की ते वही माझ्याकडे परत सरकवायचे, एक शब्द न बोलता. त्या न बोलण्याची मला जास्त भीती वाटायची.

पुढे मीही मोजणाराच झालो. जमिनी नाही, रस्ते. त्यातही शर्यतींचे रस्ते. शर्यतीचं अंतर गाडीने जाऊन मोजत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटा गणक बसवायचा, पहाटे रस्ते रिकामे असताना निघायचं आणि वळणावळणाला कडेला चिकटून, धावणारा जितका जवळचा रस्ता काढेल तितका काढत जायचं. शेवटी किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरायचा. न जाणो, मोजताना कुठे हात आखडला असेल, तर अंतर कमी भरू नये.

हे ताईला सांगितलं तेव्हा ती पँटची किनार उसवत होती. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लांब ते आखूड, सैल ते घट्ट. गळ्यात कायम टेप. बाबांची लोखंडी, हिची कापडी, एवढाच काय तो फरक.

“म्हणजे माया सोडता की रे तुम्ही,” ती म्हणाली. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला ती माया म्हणते. “पुढेमागे माणूस सुटला तर उसवून वाढवता येतं. बरं आहे. रस्त्यालाही कोणी माया सोडतं म्हणायचं.”

ताई धावायला लागली ती शर्यतींसाठी नव्हे. बाबा अंथरुणाला खिळले आणि सहा वर्षं तसेच राहिले. मी दुसऱ्या शहरात, माझं घर, माझी नोकरी. महिन्यातून एकदा जायचो, फळं न्यायचो, उशी बदलायचो आणि फार काही केल्यासारखा परत यायचो. बाकीचं सगळं ताईने केलं. सकाळी पाच ते सात एक बाई यायची, बाबांना पुसून घ्यायला, कपडे बदलायला. सातला तिचं दुसरं घर असायचं, तिथेही एक म्हातारी वाट बघत असायची. ते दोन तास ताईचे. आधी ती नुसती चालायची. मग एक दिवस घरी लवकर पोचायचं म्हणून थोडी पळाली आणि मग पळतच राहिली. नदीवरच्या पुलापर्यंत जायचं, पुलाला हात लावायचा, वळायचं, सातच्या आत घरात.

धावताना ती ओळी जुळवते. पावलाला पाऊल लागलं की शब्दाला शब्द लागतो म्हणते. त्या काळातल्या तिच्या दोन ओळी मला पाठ आहेत:

दहा गेले, अकरा आले, वाट म्हणते ये ना बाई,
घर म्हणते फीर मागे, घड्याळाला धीर नाही.

“छान आहे,” मी म्हणालो होतो.

“छान नाही रे, फूटपट्टी. खरं आहे,” ती म्हणाली. मला ती लहानपणापासून फूटपट्टी म्हणते. आता माझे केस पिकले, तरी फूटपट्टीच.

बाबा गेले त्या सकाळी मी एका शहरात शर्यतीचा रस्ता मोजत होतो. जिथून धावणाऱ्यांनी परत फिरायचं, ती जागा नक्की करून रस्त्यात खिळा ठोकला. वहीत लिहिलं, ‘पाण्याच्या टाकीपासून चौदावा खांब.’ रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब, पस्तीस-पस्तीस मीटरवर. तेवढ्यात फोन वाजला. ताईचा आवाज अगदी शांत होता.

“गेले रे. आत्ता. हातात हात होता माझ्या.”

मी रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून बसलो. हातात हात होता, एवढ्यावर मी पुढची तीन वर्षं काढली. मी नव्हतो, पण ताई होती. शून्य धरून होती.

त्यानंतर ताई गावोगावी धावायला लागली. दर दोन-तीन महिन्यांनी एक शहर, एक हाफ मॅरेथॉन. एकवीस किलोमीटर आणि वर जवळजवळ शंभर मीटर. एक पिशवी, एक बुटांचा जोड, एक सुईदोऱ्याची डबी. डबी कशाला, विचारलं तर म्हणायची, लॉजचे पडदे बघवत नाहीत. खरोखर, ती ज्या खोलीत उतरली तिथल्या पडद्याची सुटलेली शिवण ती निघताना घालून यायची. शहरांबद्दल तिचं बोलणंही असंच असायचं. एका शहरात म्हणे फुटपाथ इतके उंच की म्हाताऱ्यांनी घरीच बसावं. एका शहरात सगळे दुकानदार दारात पाणी मारून ठेवतात, सकाळी सातला रस्ता नुकता न्हाऊन आल्यासारखा. एका शहरात सोळाव्या किलोमीटरला एक आजोबा खिडकीतून रोजचंच असल्यासारखा हात हलवत होते. “शर्यत आहे हे त्यांना माहीतच नसावं,” ताई म्हणाली. “एवढी माणसं आज का पळतायत, असंही त्यांना वाटलं नसेल. आली, गेली. हात हलवायचा.”

पदकांचा तिला सोस नव्हता. दुकानात कागदाचे नमुने कापडावर ठेवले की ते उडू नयेत म्हणून ती वर पदकं ठेवायची. “वजनाला बरी आहेत.” पण एक हट्ट होता. दोन तासांच्या आत यायचं. दोन तास चार मिनिटं, दोन तास दोन, दोन तास पन्नास सेकंद. मी म्हणायचो, “तुझ्या वयाला हे फार आहे, ताई. बायका चालतपण नाहीत.” ती म्हणायची, “वयाचं मला सांगू नकोस. दोन तासांत परत यायचं म्हणजे यायचं.”

आणि गेल्या वर्षी ती आली. एक तास, एकोणसाठ मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. तोच रस्ता, जो मी बाबा गेले त्या दिवशी मोजला होता.

हे पदक नमुन्यांवर गेलं नाही. तिने ते बाबांच्या फोटोखाली ठेवलं, त्यांच्या पितळी ओळंब्याच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, “काल झोप लागली रे.” मी म्हणालो, लागणारच, दमली होतीस. ती म्हणाली, “दमून लागते ती वेगळी. ही लागली.” मग म्हणाली, आता घड्याळ लावून धावायचं संपलं. आता उगाच धावायचं. त्या वर्षात तिच्या अंगावर थोडं मांस चढलं. दुकानात ती गुणगुणायला लागली. तिच्या शेजारच्या किल्लीवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, “तुमची ताई हल्ली गिऱ्हाइकाला हसते. जरा लक्ष द्या.”

एक महिन्यापूर्वी मी त्या रस्त्याच्या फेरतपासणीला गेलो. टाकीपासून खांब मोजत निघालो. चौदाव्याशी थांबलो आणि सायकलच्या गणकाकडे बघितलं, तर तो पस्तीस मीटर कमी दाखवत होता. आधी मला वाटलं, चाकात हवा जास्त झाली. मग मागे चालत गेलो. आठवा खांब बाकीच्यांपेक्षा नवा होता, रंग चकचकीत. आणि मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी तिथे खांब नव्हता, नुसता सिमेंटचा ओटा होता, चार बोल्ट वर आलेले. मी तो मोजला नव्हता. पुढे नगरपालिकेने तिथे खांब उभा केला. माझा चौदावा खांब पंधरावा झाला. आधीची दोन वर्षं स्वयंसेवक माझा खिळा शोधून तिथेच परतीची खूण लावत होते. गेल्या वर्षी शर्यतीआधी रस्त्यावर नवा थर चढला आणि खिळा गाडला गेला. वहीत उरली एकच खूण. त्यांनी टाकीपासून चौदा खांब मोजले. जाताना पस्तीस मीटर कमी, येताना पस्तीस मीटर कमी.

आयोजक भला माणूस. म्हणाला, “साहेब, एक खांब इकडचा तिकडे. कोण बघतंय? यंदा नीट लावू की.”

मी पत्र लिहून दिलं. गेल्या वर्षीच्या निकालांखाली तळटीप यायची होती, अंतर कमी भरल्याची. येत्या सोमवारी. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, ताई आणखी एका शहरात धावणार होती, आणि तिथला रस्ताही मीच मोजलेला असल्याने मी हजर असणार होतो. महिनाभरात मी तिला तीनदा फोन केला. एकदा तिच्या शिलाई मशीनबद्दल विचारलं, एकदा हवेबद्दल, एकदा नुसतंच ‘काय चाललंय’.

शनिवारी संध्याकाळी लॉजच्या खोलीत दोन खाटा, एक टेबल, एक खिडकी. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान, तिथे कोणीतरी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होतं. ताई खाटेवर मांडी घालून बनियनला उद्याचा नंबर लावत होती. चार टाचण्या, चार कोपरे. तिच्याकडून काही वाकडं लागतच नाही.

“बोल,” ती म्हणाली.

“काय?”

“महिनाभर तोंडात गूळ धरून बसल्यासारखा फोन करतोयस. मशीन कशी आहे, म्हणे. मशीनची चौकशी तू जन्मात केली नाहीस. बायकोशी भांडलास?”

“नाही ग.”

“मग तब्येत?”

“ताई, गेल्या वर्षीचा तो रस्ता कमी होता.”

ती टाचणी लावत राहिली. “कुठला?”

“तुझा. एक एकोणसाठवाला. मी एक खांब चुकलो. सत्तर मीटर कमी भरला.”

शेवटची टाचणी तिने बंद केली. बनियन उलटी करून मागून बघितली, सुलटी केली, मांडीवर ठेवली.

“सत्तर ते माया धरून की सोडून?”

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा रागावेल. हे विचारेल असं वाटलं नव्हतं. “माया धरून. ती एकवीस मीटर वजा केली तर एकोणपन्नास.”

“एकोणपन्नासला मला किती लागतात?”

“सोळा-सतरा सेकंद.”

तिने बोटांवर हिशेब केला. मला तो महिनाभर पाठ होता. दोन तास आणि वर पाच सेकंद.

“म्हणजे माया पुरली नाही,” ती म्हणाली.

खाली ट्यूबमधली हवा सुटल्याचा आवाज आला. मी सांगत सुटलो, आठवा खांब, ओटा, बोल्ट, नवा थर, खिळा. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, “आणि दुसरी खूण?”

“राहिली.”

“बाबांनी वही परत सरकवली असती.”

“हो.”

“कशी राहिली? तू तर विसरणारा नाहीस.”

“समोर एका घराचं निळं फाटक होतं. तेच लिहिणार होतो. पेन टेकवलं होतं, ताई. तेवढ्यात तुझा फोन आला.”

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम जे आलं ते मला कळलं नाही. मला वाटलं, माझ्यावरचा राग आहे. तिने बनियन घडी करून उशाशी ठेवली, दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि म्हणाली, “झोप आता. उद्या चारला उठायचंय.” बाहेर अजून उजेड होता.

सकाळी तिने आवरलं. बुटांच्या नाड्या बांधल्या, केस बांधले, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. “हे तुझ्याकडे राहू दे.”

मी परतीच्या जागेवर जाऊन खूण तपासली. खिळा होता, फलक होता आणि वहीत या वेळी तीन खुणा होत्या. साडेसातच्या सुमाराला ती आली. तिच्या धावण्यात जोर नव्हता, घाईही नव्हती. ओठ हलत होते. मला बघितलं, पण त्या खिडकीतल्या आजोबांना बघावं तसं. मी हात हलवला. ती वळली आणि गेली.

शेवटच्या रेषेशी मी तिच्याआधी पोचलो. कमान, मोठं घड्याळ, केळ्यांची टोपली, गळ्यात पदक घालायला उभ्या असलेल्या दोन मुली. घड्याळात दोन तास तीन मिनिटं झाली होती, तेव्हा ती दिसली. रेषा ओलांडली. मुलगी पदक घेऊन पुढे झाली आणि ताई तिच्या बाजूने तशीच पुढे निघून गेली. धावत.

“अहो काकू, संपलं,” मुलगी म्हणाली. “काकू, इथेच संपतं.”

ताई थांबली नाही. केळी खात उभे असलेले लोक बाजूला झाले. कोणी हसलं, कोणी म्हणालं, या बाईंना आणखी एक हाफ लावा. ती रस्त्याच्या कडेने, डोकं खाली घालून धावत होती आणि आता मला ओठ वाचता येत होते. ओळी नव्हत्या त्या. आकडे होते. मी तिच्या मागोमाग पळालो, हातात तिचं घड्याळ. एका बंद दुकानाच्या पायरीशी ती थांबली आणि खाली बसली.

“अठ्ठ्याहत्तर पावलं,” ती धापा टाकत म्हणाली. “माझं पाऊल नव्वद सेंटिमीटरचं. झाले का सत्तर?”

मी मागे कमानीकडे बघितलं. डोळ्याने मोजायची माझी सवय जात नाही. “झाले. वर थोडं आहे.”

“राहू दे. माया.”

मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या कपाळावर मीठ वाळलं होतं. पाण्याची बाटली दिली, ती तिने उघडलीच नाही, दोन्ही हातांत धरून बसली. मी म्हणालो, “ताई, चूक माझी. तू कशाला भरून काढतेस?”

“तुझी नाही रे.” ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. “रात्रभर तेच डोक्यात. तू तिथे पेन टेकवून उभा, आणि मी फोनवर तुला खोटं सांगतेय.”

“काय खोटं?”

“हातात हात नव्हता.”

रस्त्यावरून धावणारे येतच होते. कमानीखाली प्रत्येकाला टाळ्या मिळत होत्या. बाबांचंच न बोलणं माझ्यात आलं असावं.

“बाई सातला गेली. तिची काही चूक नाही, तिची ती म्हातारी. मी आले तेव्हा सात वाजून अकरा मिनिटं झाली होती. दार उघडलं आणि दारातच कळलं. हात नुसता गादीच्या बाहेर आला होता, असा. कोणाला तरी शोधल्यासारखा. मग मी तो धरला. मग तुला फोन केला.”

“ताई, उशीर होतो ग. सहा वर्षांत एकदा. कोणालाही होतो.”

“मीपण स्वतःला तेच सांगितलं. उशीर झाला. म्हणून पळत सुटले, या गावाला, त्या गावाला, एकदा तरी दोन तासांच्या आत परत येऊ दे म्हणून. गेल्या वर्षी आले, तेव्हा वाटलं, झालं. सुटले.” तिने बाटली खाली ठेवली. “पण उशीर झालाच नव्हता रे. ऐक. पूल आला, मी हात लावला, घड्याळ बघितलं. सगळं कळत होतं. आता वळलं तर सातच्या आत घरी. पण त्या दिवशी हवा अशी होती, आणि पाय असे पडत होते, जसे कधी पडले नव्हते. मी वळले नाही. पूल ओलांडून पुढे गेले. पलीकडचा रस्ता मी कधी बघितलाच नव्हता. दोन्ही बाजूंनी झाडं होती, खाली पानांचा सडा. मला इतकं छान वाटत होतं.”

तिने उजवा अंगठा डाव्या मनगटावर दाबून धरला होता, तिथे, जिथे कधीकाळी गांधीलमाशी चावली होती.

“मला घरी परत जावंसं वाटलं नाही,” ताई म्हणाली. “शून्य मी मुद्दाम सोडलं.”